पहिला गिअर टाकला होता

७ एप्रिल, सोमवार

माणची जीप आज आली. मला घ्यायचीच नव्हती, पण विलास दारात येऊन उभा राहिला आणि नाही म्हणता येईना.

विलास म्हणजे साहेबरावांचा मुलगा. साहेबराव होळीनंतरच्या आठवड्यात याच जीपखाली गेले. शेतघराच्या चढावर जीप उभी होती आणि ते खालच्या अंगाला पाण्याचा वॉल फिरवत होते. भर दुपारी जीप मागे आली. बाहेरून जीप घेऊन आली होती त्यांची सून, विलासची बायको मिनल. ती उभी करून घरात गेली होती. तिचं म्हणणं, पहिला गिअर टाकला होता. बाकी सगळ्यांचं म्हणणं, विसरली. हँडब्रेक त्या गाडीला दहा वर्षं नाही. आपल्या भागात जुन्या जीपला असतो कुठे? गिअर टाकायचा आणि उतरायचं. आठवण झाली तर चाकाला दगड लावायचा. तपासणीवाल्या साहेबाने गिअरबॉक्स बघून लिहून दिलं, दोष नाही. मग दोष कोणाचा राहिला ते सांगायला नको. पोरगी तेव्हापासून माहेरी, महाळुंग्याला.

विलासला जीप विकायची आहे. म्हणाला, "मिस्त्री, दारात नको मला ती. पण क्लच स्लिप मारतोय. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो, तर पुढे रावेतच्या पुलावर इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी ओढतच नाही. अर्धा तास बाजूला उभी केली, परत शहाण्यासारखी चालली."

प्लेट गेली असणार. फोर-बाय-फोरची प्लेट लवकर जाते.

जानेवारीत या जीपचं क्लचचं काम मीच केलं होतं. पेडलपाशी तेल ढकलणारा वरचा सिलिंडर नवा टाकला होता. साहेबराव त्या दिवशी सकाळपासून स्टुलावर बसून. "मिस्त्री, गुडघा गेला माजा. सूनबाई चालिवती, पर कवातरी मलाबी वाटतं. पाय ठिवला की काम झालं पायजे, असं पेडल करा." करून दिलं. पेडलची मोकळी चाल सगळी काढून टाकली. तळवडे ते चिखली कोणालाही विचारा, भिमाजी मिस्त्रीच्या पेडलला चाल नसते. दुसऱ्या मिस्त्र्याकडे पेडल दोन बोटं रिकामं खाली जातं आणि मग काम सुरू होतं. माझ्याकडे लोक त्यासाठीच येतात.

म्हातारा खूश झाला होता. जाताना मला पेरू देऊन गेला.

९ एप्रिल, बुधवार

गिअरबॉक्स उतरवला. प्लेट बघितली आणि डोकंच फिरलं. अर्धीसुद्धा झिजलेली नाही. वरून तेल पडलेलं नाही, काही नाही. मग स्लिप कशाने मारत होती?

तरी उतरवलाच आहे म्हणून नवी प्लेट टाकली. पेडल माझ्या पद्धतीने बसवून दिलं.

१० एप्रिल, गुरुवार

हे लिहू की नको, असं होतंय. पण कंपनीत टूलरूमला होतो तेव्हापासूनची सवय, शिफ्टमध्ये जे घडलं ते वेळेसकट लिहायचं. खरं-खोटं नंतर बघायचं.

दुपारी जीप ट्रायलला काढली. तळवडे चौक, देहूरोड, परत. चौकात नेहमीचाच गोंधळ, पंचवीस मिनिटं क्लच दाब-सोड. परत आलो तेव्हा दोन वाजून दहा. आमचं पटांगण रस्त्याकडे उतरतं आहे, म्हणून पहिला गिअर टाकला, इंजिन बंद केलं आणि हात धुवायला गेलो. शेजारच्या शेडमधला किसन वेल्डर डबा घेऊन आला. आम्ही जेवायला बसलो.

दोन बावीसला जीपखालून टक् असा आवाज आला. हलकासा, कडी काढल्यासारखा. मग जीप चालायला लागली. मागे, सावकाश, कोणाला उठवायचं नाही अशी. पाण्याच्या पिंपावर जाऊन टेकली.

आत कोणी नव्हतं. किसन म्हणाला, "न्यूट्रल ठेवलीस तू." मी धावत जाऊन बघितलं. पहिला गिअर. किसननेही हात लावून बघितला. त्याचा घास तोंडातच राहिला होता.

गिअरमध्ये असलेली, बंद गाडी. ती हलत नाही. हलूच शकत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

मिनल आली होती. स्कूटीवर, एकटीच. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, पार्ट तपासून शिक्का मारायचं काम. गेटमध्ये थांबली, जीपपाशी आली नाही.

"काका, एकच विचारायचंय. गिअर टाकलेला असताना तो आपोआप सुटू शकतो का?"

मी परवाचीच गोष्ट सांगायला हवी होती. जिभेवर आली होती. पण तिला काय सांगू, की जीप आपोआप चालते? आमच्या घरात भूत-देव वडिलांच्या वेळीच बंद झाले, आणि मी या पोरीला असलं काही सांगू? शिवाय गिअर सुटला नव्हताच, मी स्वतः बघितला होता. म्हणून मी खरं तेच बोललो. "नाही ताई. गिअरबॉक्स मी उघडून बघितलाय. टाकलेला गिअर सुटत नाही."

तिने डावा हात पुढे केला. "मी दिवसाला चारशे पार्ट बघते काका. मला आठवतंय, दांडा पुढे केल्याचं. हाताला आठवतंय."

"माणसाला आठवतं तसं," मी म्हणालो. "दुःखात होतं असं. आता मनातून काढा."

तिने मान हलवली. पाणी दिलं तर प्यायली नाही. मला वाटलं, बरं बोललो, पोरीचं ओझं उतरलं असेल.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती, गॅरेज बंद. पिंपरीला गेलो, पांढरे कपडे, निळे झेंडे, सगळे भेटले. जुन्या दोस्ताने, धनेशने विचारलं, "भाऊ, गप्प का?" काही नाही म्हणालो. गर्दीत एक जीप मागे येताना दिसली आणि मी बायकोचा, कुसुमचा दंड इतका घट्ट धरला की ती ओरडली.

१६ एप्रिल, बुधवार

आज परत. ट्रायलहून एक चाळीसला आलो, एक त्रेपन्नला टक्. चाकांमागे विटा लावल्या होत्या म्हणून वीतभरच हलली. या वेळी मी मुद्दाम शेजारी उभा राहून बघत होतो. खिडकीतून आत बघितलं. दांडा पहिल्यात. पेडल वर. सीटवर साहेबरावांची जुनी उशी आहे, गुडघ्यामुळे उंच बसायचे ते. ती जशीच्या तशी.

मग दोन वाजून वीस मिनिटांनी मी जीपला पाठ लावून ढकलली. हलेना. किसन आणि मी दोघांनी ढकलली. हलेना. आता तिला गिअरने धरली होती.

किसनने न विचारता लिंबू-मिरची आणून बंपरला बांधली. कोकणातला आहे तो, त्याच्या गावात प्रत्येक वळणावर कोणी ना कोणी बसलेला असतो. एरवी मी त्याला फाडून खाल्ला असता. आज काढायला सांगितली नाही, एवढं खरं. म्हणाला, "भिमा, म्हाताऱ्याचा पाय असा क्लचवर. त्याका चालवूची होती ना?"

"गप बस," म्हणालो. पण मानेवर काटा आला.

संध्याकाळपर्यंत रबरी पाइप बदलला. जुना पाइप आतून सुजला की तेल अडकवून ठेवतो. खालच्या सिलिंडरचं किट बदललं. हवा काढली. पेडल परत माझ्या पद्धतीने बसवलं. पाय ठेवून बघितला, दगडासारखं भक्कम. आता काय बिशाद आहे.

१७ एप्रिल, गुरुवार

बिशाद आहे. बारा मिनिटं.

१९ एप्रिल, शनिवार

विलासचा फोन. आवाज हलका वाटला. म्हणाला, "मिनल आली घरी. स्वतःहून. आईच्या पायावर डोकं ठेवलं, म्हणाली माझ्याच हातून झालं, मी गिअर टाकला नव्हता. आईने उठवून घेतलं तिला. मिस्त्री, तुमचे उपकार. तुम्ही समजावलं म्हणून तिने मान्य केलं. आता जीप तेवढी लवकर काढा."

मी हूं हूं करत राहिलो. फोन ठेवला. समोर जीप उभी. कोणाचं तरी घर माझ्यामुळे जुळलं, मला आनंद व्हायला हवा होता. चहा घेतला तो तसाच गार झाला.

२४ एप्रिल, गुरुवार

आज जे झालं ते आधी सरळ लिहितो.

आठवडाभर जीपला हात लावला नव्हता. आज ठरवलं, खाली झोपून बघायचं. ट्रायल मारून एकला आलो. गिअर टाकला. चारही चाकांना विटा लावल्या, मग पुठ्ठा टाकून खाली सरकलो. क्लचचा लिव्हर गिअरबॉक्सच्या बाजूला बाहेर असतो. पेडल दाबलं की तेलाच्या जोराने तो मागे जातो आणि इंजिनची चाकांपासून फारकत होते. पेडल सोडलं की परत येतो. मी त्या लिव्हरवर दोन बोटं ठेवली आणि पडून राहिलो.

सात-आठ मिनिटं काही नाही. मग बोटाखाली तो लिव्हर हलला. अगदी थोडा. मग आणखी थोडा. कोणी तरी दमादमाने क्लच दाबत होतं. एक बाराला टक् झालं आणि माझ्या अंगावरची जीप मागे सरकून विटांना टेकली. मी बाहेर कसा आलो आठवत नाही. आत बघितलं. पेडल वर होतं. कोणी नव्हतं.

शहाणा असतो तर घरी गेलो असतो. पण मला राग आला होता. कोणाचा ते कळत नव्हतं. किसनला हाक मारली, "बस आत. हवा काढू या परत." हवा काढायची तर दोन माणसं लागतात. एक वर पेडल दाबून धरतो, दुसरा खालची निप्पल सैल करतो, तेल नि हवा निघते, घट्ट करायची, मग वरच्याने पाय उचलायचा. किसन कुरकुरत चढला. मी खाली.

"दाब. धर." निप्पल सैल केली. तेलाची धार उडाली. घट्ट केली. "सोड." चार-पाच वेळा केलं. हवा एक थेंब नाही. मग म्हणालो, "आता पाय काढून बस, दाबू नको." जरा थांबलो. निप्पल सैल केली.

धार उडाली. तोंडावर. पूर्ण जोराची.

"पाय काढ म्हटलं ना, किसन."

"अरे मी कधीच उतरलंय," किसन म्हणाला. आवाज वरून आला नाही. माझ्या डोक्यामागून आला. मान वळवली तर त्याच्या चपला पटांगणात, चार हातांवर.

मी निप्पल घट्ट करून तोंड पुसलं. तेल गरम होतं.

गरम. तेवढं एकच मनात राहिलं. आठ-दहा मिनिटं तसाच पडलो होतो, किसन मला हाका मारत होता. मग उठलो, आत वाकून पेडलवरचा रॉड पाना लावून एक फेरा मागे घेतला, फक्त एक. आणि वरच्या तेलाच्या बाटलीत बुडबुड झालं. लगेच खाली वाकलो, लिव्हर सुटून परत येत होता. मी बघत होतो.

२५ एप्रिल, शुक्रवार

वरच्या सिलिंडरला आत एक भोक असतं, टाचणीच्या टोकाएवढं. पेडल सोडलं की त्या भोकातून तेल बाटलीत परत जातं. पेडलला थोडी मोकळी चाल असली तरच भोक उघडं राहतं. चाल नसली की भोक झाकलेलं. मग ट्रॅफिकमध्ये प्रत्येक दाबाला थोडं तेल आत अडकत जातं, गाडी थांबली की इंजिनची धग खाली उतरते, तेल फुगतं, त्याला जायला वाट नाही. ते लिव्हर ढकलतं. दहा-बारा मिनिटं लागतात. गिअर पहिल्यातच असतो, पण त्याचा चाकाला उपयोग नाही. विलासला रावेतला स्लिप मारली तीही यानेच. गार झालं की सगळं जिथल्या तिथे. तपासणीवाला दुसऱ्या दिवशी आला होता.

चाल कोणी काढली होती, ते लिहायला हात उचलत नाही. मी काढली होती.

फेब्रुवारीत साहेबरावांचा फोन पण आला होता. "मिस्त्री, गाडी चढाला दम टाकती." मी म्हणालो होतो, डिझेल चांगलं भरा.

किसनला सांगितलं. त्याने लिंबू-मिरची काढून टाकली आणि म्हणाला, "घर जुळलाहा ना त्यांचा? मग कशाक उकरतंस? म्हातारो काय परत येवचो नाय." कुसुमला सांगितलं. तिने माझं ताट वाढलं आणि आत जाऊन बसली.

किसनचंच बरोबर असेल.

२८ एप्रिल, सोमवार

पेडलला बोटभर चाल ठेवून दिली. शनिवारी, रविवारी, आज, तीन ट्रायल. तासभर उभी केली तरी जीप जागची हलली नाही. विलास न्यायला आला. मी ठरवलं होतं गप्प बसायचं. किल्ली त्याच्या हातात दिलीसुद्धा.

सहज विचारलं, "सूनबाई कशा आहेत?"

"आहे," म्हणाला. "नोकरी सोडली. म्हणाली माझा शिक्का नको कशावर. घरात गॅस बंद केला की चार वेळा जाऊन बघते, मग मला बघायला लावते. आमच्या पोरीला आंघोळ घालत नाही, आईला सांगते. म्हणते, माझ्या हाताचा भरवसा नाही."

मी त्याच्या हातातून किल्ली परत घेतली. तो बघतच राहिला. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मला वाटलं तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो रिकाम्या पिंपावर बसला.

"हे तिला तुम्ही सांगायचं," शेवटी म्हणाला. "आणि आईसमोर."

२९ एप्रिल, मंगळवार

नुसतं सांगून भागणार नव्हतं. तिने आधी माझ्या शब्दावरच विश्वास ठेवला होता, आता परत शब्दच देऊ? म्हणून सकाळी पाना घेऊन पेडलची चाल पुन्हा काढली. जानेवारीत होती तशी. आयुष्यात पहिल्यांदा गाडी जाणूनबुजून बिघडवली.

माणला गेलो. मिनल ओट्यावर होती, शेजारी साहेबरावांची बायको कस्तुराबाई. सांगितलं. शब्द गोळा करून ठेवले होते ते सगळे विसरलो, पण सांगितलं. मिनलच्या तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही. म्हणाली, "दाखवा."

चालवली तिनेच. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. मी शेजारी. हिंजवडीच्या फेजमधून एक चक्कर, ऐन दुपारी, कंपन्यांच्या कॅबच्या गर्दीत. क्लच, पहिला, क्लच, पहिला. मग शेतघराचा चढ. खाली वॉलपाशी विलासने दोन ओंडके आडवे टाकून ठेवले होते. जिथे त्या दिवशी उभी होती तिथेच तिने जीप उभी केली. इंजिन बंद केलं. दांडा पुढे सारला.

"आत्या, या. बघा. हात लावून बघा."

कस्तुराबाईंनी दांड्याला हात लावला. "व्हय. हाय टाकल्याला."

सगळे बाजूला झालो. एक वाजून चार मिनिटं. मी देवाला मानत नाही, पण आज मनात म्हणत होतो, हलू दे. आणि मग माझीच लाज वाटली, काय मागतोय मी. पाच मिनिटं. आठ. विलास म्हणाला, "हलत नाही बघा." दहा. मिनल जीपकडे बघत नव्हती. ती स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होती.

एक पंधराला टक् झालं.

जीप सावकाश मागे निघाली. रिकामी. आमच्यासमोरून गेली, कस्तुराबाईंचा पदर तिच्या वाऱ्याने हलला, एवढ्या जवळून. ओंडक्यांवर जाऊन थांबली. कस्तुराबाई मटकन खाली बसल्या. "आगं माजे बाये," एवढंच म्हणाल्या, आणि सुनेचा पाय धरायला वाकल्या. मिनलने धरू दिला नाही.

ती माझ्याकडे आली. मला वाटलं आता बोलेल. शिव्या, शाप, काहीही, मी तयार होतो. तिचा आवाज कामावर बोलतात तसा होता.

"काका, अशी पेडलं तुम्ही किती गाड्यांना दिलीत?"

चार दिवस मी फक्त एका जीपचा विचार करत होतो.

"नावं आहेत ना लिहिलेली? मघाशी म्हणालात, तुम्ही लिहिता सगळं," ती म्हणाली. "काढा."

संध्याकाळी विलासबरोबर चौकीत जबाब लिहून दिला. सून म्हणते ते खरं आहे, हे वाक्य मी साहेबांना दोनदा वाचून दाखवलं.

३० एप्रिल, बुधवार

चार वर्षांच्या वह्या काढल्या. जीप आणि जुन्या फोर-बाय-फोर मिळून सत्तेचाळीस. सकाळी नऊपासून फोन करतोय. मिनल आली आहे, समोर बसून नावांवर खुणा करते. मी बोलतो, ती खूण करते.

बहुतेकांना काही झालेलं नाही. पेडलचे बुश झिजून थोडी चाल आपोआप पडली असेल. असेल, बघितलं कुठे आहे. काही जण हसले. एक जण म्हणाला, "मिस्त्री, तुमचं पेडल म्हंजी लोणी हाय, हात लावायचा न्हाई त्याला." घोटवड्याचा भैरू म्हणाला, "चढालाच लावलीया की, का?" त्याला फोन न ठेवता दगड लावायला लावला. लावल्याचं सांगेपर्यंत मी श्वास घेतला नाही.

तिघांनी कबूल केलं, गाडी कधी कधी जागा सोडते. वाऱ्याने असेल, म्हणाले.

एक वाजून चाळीस. चाळीस फोन झाले. ऊन मरणाचं आहे.

एक पंचावन्न. पवनानगरचा दत्तोबा फोन उचलत नाही. त्याची जीप जानेवारीतच केली, साहेबरावांच्या जीपच्या आदल्या दिवशी, सिलिंडर पण तसलाच नवा. त्याच्या बायकोचा नंबर लावला. तिने उचलला. म्हणाली, "आत्ताच आले बाजारातनं, गाडी वर लावून आंघुळीला गेल्यात."

"अंगणात कोण आहे?"

"पोरं हायती की. खेळत्यात."

"किती वेळ झाला येऊन?"

"झाली असतील धा मिनटं," ती म्हणाली. मिनलने पेन खाली ठेवलं. मी ओरडतोय, पोरांना आत घ्या, आधी पोरांना आत घ्या, आणि तिकडून फोन कुठे तरी ठेवल्याचा आवाज आला, चपलांचा आवाज आला, आणि आता नुसतं अंगण ऐकू येतंय. मिनलने फोन माझ्या हातातून घेऊन स्पीकरवर टाकला आहे. आम्ही दोघं ऐकतोय.